वाचन कक्षाचं माप

दिवाळीची सुट्टी संपवून कामावर आले त्या सकाळी वाचन कक्षात एक अनोळखी माणूस टेप लावून जमिनीचं माप घेत होता. टेपचं एक टोक त्याने खुर्चीच्या पायाखाली दाबलं होतं आणि त्या खुर्चीवरची मुलगी पाय वर घेऊन तशीच वाचत बसली होती. तिला वाटलं असणार, मॅडमनीच बोलावलंय याला. मॅडम म्हणजे मी. विद्यापीठाची ग्रंथपाल. आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

"कोणी पाठवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"हापिसातून."

"कोणत्या ऑफिसातून?"

"मेन. दाराची रुंदी पण घ्या म्हणाले. पालक मंडळी येणार-जाणार म्हणून."

वाचन कक्षात पालक कशाला येतील? हे मी त्याला विचारलं, तेव्हा त्याने टेप सर्रकन आत ओढून घेतला. म्हणाला, "मॅडम, मला सांगतात तेवढं माप मी घेतो."

आमचं विद्यापीठ खासगी. नगर-पुणे रस्त्यापासून आत, पारनेरच्या बाजूच्या उघड्या माळावर. वाऱ्याला आडवं काही नाही, म्हणून लांबवर पवनचक्क्या उभ्या केल्यात आणि आमच्या खिडक्या वर्षभर वाजत असतात. मी रोज नगरहून विद्यापीठाच्या बसने येते. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर आलंय, बोलण्यात सगळ्यांच्या अजून नगरच. माहेरी आमच्याकडे सगळे मास्तर नाहीतर कारकून. वडील तहसील कचेरीत होते. ते म्हणायचे, साहेबाने बसायला खुर्ची दिली की आधी तिचे पाय बघावेत. हे बाळकडू मला जरा जास्तच पाजलं गेलं असावं.

ग्रंथालयाच्या तळमजल्यावरचा वाचन कक्ष ही सगळ्या इमारतीतली एकच जागा अशी होती, जिथे गर्दी असायची. त्यातली निम्मी गर्दी मुलींची. आसपासच्या गावांतल्या, पदवी घेऊन झालेल्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या. घरून डबा घेऊन पहिल्या एसटीने यायच्या आणि दिवे लागायच्या आत परत जायच्या. 'लायब्ररीत जाते' एवढं सांगितलं की घरचे पाठवत होते. घरी बसून अभ्यास करते म्हटलं असतं तर पाहुणे बघायला आले असते. हे मला त्या मुलींनीच सांगितलेलं.

त्याच आठवड्यात कुलसचिवांनी मला बोलावलं. मी बसले तशी त्यांनी चहा मागवला. एरवी त्यांच्या खोलीत चहा फक्त बाहेरच्या माणसाला मिळतो.

"ग्रंथालयाचा कायापालट करायचाय, मॅडम," ते म्हणाले. "पुस्तकांच्या मांडण्या तळघरात. वर वातानुकूलित व्यवस्था. तुम्हाला स्वतंत्र केबिन. मुलांनी स्वतःच पुस्तक घ्यायचं, यंत्रावर ठेवायचं, की नोंद झाली."

"आणि माणसं?"

"तोच विषय आहे. दारावर आणि सफाईला ठेकेदाराची माणसं येतील. काउंटरवर इतकी लागणार नाहीत. कोणाला दुसऱ्या विभागात देता येईल, ते तुम्ही सुचवा. तुमच्याइतकं कोण ओळखतं त्यांना? पण सध्या ही गोष्ट आपल्या दोघांतच."

"वाचन कक्षाचं काय, सर?"

"वाचन कक्ष वाचन कक्षच राहील," ते म्हणाले आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

टेपवाल्या माणसाचं मी बोलले नाही. ते स्वतःहून सांगतात का, हे मला बघायचं होतं. त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या ताईंनी मला दारातच गाठलं. त्या माझ्यापेक्षा वयाने थोड्या मोठ्या, पारनेर तालुक्यातल्याच, ग्रंथालय उघडल्यापासूनच्या. कामात चोख, बोलण्यात फटकळ. मुलांसमोर शुद्ध बोलायच्या आणि चिडल्या की गावचं बोलायच्या. आज गावचं होतं.

"मॅडम, काउंटरवरून कोन कोन उठनार, ते आदी आमाला सांगा. म्हंजी आमी आपली पिशवी भरून ठिवतो."

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"समदी म्हनत्यात," एवढं म्हणून त्या कामाला लागल्या.

आपल्या दोघांतली गोष्ट एका रात्रीत सगळ्यांची झाली होती. आणि ती मी तर कोणापुढे बोलले नव्हते. बाइंडिंग विभागातले मामा, जे मला पाहिलं की डिंकाचा हात पुसून नमस्कार करायचे, ते त्या दिवशी पाठ करून बसले. फाटक्या पुस्तकांना टाके घालून पुठ्ठे चढवायचं त्यांचं काम, ते एकटेच करत. ते खालमानेने सुई ओढत राहिले.

मग माझा संशय जिथे जायचा तिथेच गेला. उपग्रंथपाल. पस्तिशीचा, कोपरगावकडच्या शेतकरी घरातला हुशार माणूस, वर्षभरापूर्वी आमच्याकडे आलेला. आमच्याकडे येण्याआधी तो कुलसचिवांच्याच कार्यालयात होता. मी आले की त्याचं फोनवरचं बोलणं थांबायचं. कितीदा तरी तो फोन घेऊन बाहेर जायचा आणि सायकल स्टँडमागच्या निलगिरीच्या झाडांपाशी उभा राहून, तोंडावर हात धरून बोलायचा. काचेतून मला दिसायचं. माळावर वारा असतो म्हणून हात धरत असेल, असंही वाटलं असतं. मला तसं वाटलं नाही.

महिन्याभरात काम सुरू झालं. पहिल्यांदा मांडण्या तळघरात गेल्या. पुस्तकं हलवणं हे बघणाऱ्याला हमालीचं काम वाटतं. खरं ते क्रम न मोडता हलवण्याचं काम आहे. एक गठ्ठा चुकीच्या जिन्याने उतरला की पुढचे सहा महिने त्यातली पुस्तकं असून नसल्यासारखी. आम्ही सगळे एकमेकांच्या हातात गठ्ठे देत उभे राहायचो. पूर्वी अशा वेळी कोणीतरी विनोद करायचं. या खेपेला फक्त गठ्ठ्यांचे आकडे ऐकू यायचे. मी जवळ आले की तेही हळू आवाजात.

मग वरच्या बाजूला गवंडी, सुतार, वायरमन शिरले. छताखाली दुसरं पांढरं छत बसलं. माझी केबिन झाली, अर्धी काचेची, अर्धी जिप्समच्या पातळ भिंतीची. डोक्यावर जाळीतून थंड हवा. कर्मचारी पूर्वी मागे बाइंडिंगच्या खोलीत डबा खायचे. ती खोली आता यंत्रांच्या बॅटऱ्यांना लागत होती, म्हणून त्यांना माझ्या केबिनला लागून, जुनी वर्तमानपत्रं ठेवायचो ती खोली दिली. मामांचं टेबल जिन्याखाली गेलं. मलाच ते त्यांना सांगावं लागलं.

ते म्हणाले, "जिन्याखाली तर जिन्याखाली. पुढं कुठं?"

"पुढचं मला माहीत नाही, मामा."

"असू द्या," ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

माझा दिवस तेव्हा एका गोष्टीवर निघायचा. दुपारी डबा उघडला की मी संगमनेरला अक्काला फोन लावायची. अक्का माझी थोरली बहीण, तिथल्या एका कॉलेजात शिकवते. केबिनचं दार लावून, भाजीपोळी खात खात मी तिला सगळं सांगायची. कुलसचिव काय म्हणाले, उपग्रंथपाल कसा हेर आहे, ताई कशा टोचून बोलतात, मामा कसे बघतसुद्धा नाहीत. अक्का ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "तू तोंड बंद ठेव म्हणजे झालं."

मी तोंड बंदच ठेवत होते, तरी बातम्या फुटत होत्या. शेवटी मी ठरवलं की चोर पकडायचाच. उपग्रंथपालाला एकट्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की सकाळची पाळी बंद होणार आहे. त्यानंतर ताईंना म्हटलं की नियतकालिकं यापुढे मागवणार नाहीत. दोन्ही गोष्टी मीच रचलेल्या. आता कोणती गोष्ट माझ्याकडे परत येते ते बघायचं होतं.

दोन्ही आल्या. शुक्रवारी तळघरात दोघं जण सकाळच्या पाळीबद्दल कुजबुजत होते, आणि स्वतः मामांनी, कित्येक दिवसांनी तोंड उघडून, मासिकं बंद होणार का म्हणून विचारलं. म्हणजे दोघंही फितूर, असं मी धरून चालले. इथपर्यंत माझ्या हिशेबात बसत होतं.

पण सोमवारी ताईंनी पुस्तकांवर शिक्के मारता मारता विचारलं, "मग संगमनेरला कधी जानार, मॅडम? बहिनीजवळ बरं पडंल तुमाला."

अक्काच्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघणार होती. अर्ज करावा का, असं मी तिला फोनवर म्हटलं होतं. अजून घरी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ही गोष्ट पृथ्वीवर दोनच माणसांना ठाऊक होती, एक मी आणि एक अक्का.

त्या संध्याकाळी बसमधून उतरल्या उतरल्या मी अक्काला फोन केला.

"तू कोणाशी बोललीस?"

"कशाबद्दल?"

"माझ्या अर्जाबद्दल. आमच्याकडच्या कोणाला ओळखतेस का तू? खरं सांग."

ती म्हणाली, "तू आता माझ्यावर आलीस का?"

"मी फक्त विचारतेय."

"नाही. तू विचारत नाहीयेस," ती म्हणाली आणि फोन ठेवला. लहानपणापासून अक्काने माझ्यावर कधी फोन आपटला नव्हता. त्यानंतरचे कितीतरी दिवस मी डबा गप्प खाल्ला. आणि गंमत अशी की त्या दिवसांत एकही नवी बातमी फुटली नाही. याचा अर्थ त्याच वेळी लागायला हवा होता. मी मात्र अक्काच दोषी, असं आणखी घट्ट धरून बसले.

उलगडा झाला तो अगदी साध्या कारणाने. माझ्या बाटलीतलं पाणी संपलं म्हणून एका दुपारी मी कर्मचाऱ्यांच्या खोलीत गेले. पाण्याचा कूलर तिथेच ठेवला होता. खोली रिकामी होती. मी बाटली नळाखाली धरली आणि माझ्या डोक्यावरून आवाज आला.

"न्हाई, न्हाई. मॅडमला आत्ताच कळता कामा नये."

मी दचकून मागे पाहिलं. कोणी नव्हतं. आवाज छतातल्या जाळीतून येत होता, आणि तो उपग्रंथपालाचा होता. मी त्याला संगणकावर काही आकडे भरायला माझ्या केबिनमध्ये बसवून आले होते. वातानुकूलनाची दोन्ही खोल्यांची नळी एकच होती, मधली भिंत वरच्या मूळ छतापर्यंत नेलेलीच नव्हती. त्याची खुर्चीसुद्धा करकरलेली मला ऐकू आली.

"आगं कळलं तर पहिलं नाव माझंच देतील त्या," तो म्हणत होता. "आन तिकडची ऑर्डर न्हाई आली तर मी कुठला? दोन्हीकडनं गेलो. पोरांना सांग, उन्हाळ्यापत्तूर येतो म्हनावं."

बाटली भरून पाणी हातावर वाहायला लागलं तेव्हा मी नळ बंद केला. तो बायकोशी बोलत होता. बायको कोपरगावला शाळेत शिक्षिका होती, मुलं तिच्याजवळ. तो तिकडच्या कॉलेजात जागा बघत होता आणि मला कळलं तर मी त्याचा काटा काढीन म्हणून निलगिरीखाली जाऊन बोलत होता. वर्षभर तो मला भीत होता आणि मी त्याला.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण आधी मनात आलं ते हे की उपग्रंथपाल तेवढा आपल्या टेबलावर जेवायचा, बाकी ही सगळी माणसं या खोलीत बसून रोज दुपारी माझं बोलणं ऐकत जेवत होती. कोणाला मी काय म्हटलं, ते शब्दन् शब्द. ताईंना मी फोनवर 'आगलावी' म्हटलेलं. मामांबद्दल म्हटलेलं की त्यांचं काम आता कोणाला लागत नाही, पण सांगणार कोण. ते सगळं त्यांनी पोळीबरोबर गिळलेलं. आणि एकानेही येऊन म्हटलं नाही की मॅडम, ऐकू येतं.

मी केबिनमध्ये परतले. उपग्रंथपाल उठून उभा राहिला, मी त्याला बसा म्हटलं. नळीबद्दल कोणाजवळही बोलले नाही. देखभाल विभागाला सांगून ती बुजवून घेणं सहज शक्य होतं. ते मी केलं नाही, कारण तोवर दुसरीच एक गोष्ट माझ्या डोक्यात आली होती.

कुलसचिव माझ्या मागे लागले होते की नावं द्या. मी टाळत होते. मी त्यांना निरोप पाठवला की काम जवळजवळ संपलंय, एकदा येऊन बघून जा, म्हणजे समोरच बोलता येईल. वेळ मुद्दाम जेवणाच्या सुट्टीची सांगितली, कारण दिलं की तेव्हा ग्रंथालयात वर्दळ कमी असते. ते आले. तळघर पाहिलं, यंत्र पाहिलं, खूश झाले. मग मी त्यांना केबिनमध्ये जाळीखालच्या खुर्चीवर बसवलं. पलीकडे डबे उघडल्याचे आवाज येत होते. हवेच्या घरघरीत ते कोणाच्या लक्षात आले नसते.

"एसीचा फार आवाज होतो, सर," मी म्हटलं आणि रिमोटने तो बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"सर, मला एकदा नीट समजू द्या," मी म्हणाले. "नावं मी सुचवायची म्हणजे माझ्या सहीने जायची?"

"अर्थात. विभागप्रमुख तुम्ही."

"पण कोणाला काढायचं, हे वरून ठरलंय का?"

ते हसले. "ठरलंय म्हणजे, अंदाज आहे. बाइंडिंग बंद. ते गृहस्थ परीक्षा विभागात जातील. काउंटरवर एक जण पुरे, तोही नवा, ठेकेदाराकडचा. जुन्या बाई फार बोलतात. त्यांना वसतिगृहाकडे देऊ."

पलीकडचे डब्यांचे आवाज थांबले. मी ते थांबलेले ऐकले. कुलसचिवांनी ऐकले नाहीत.

"आणि वाचन कक्ष?"

"ते मी तुम्हाला सांगणारच होतो. उन्हाळ्यात प्रवेश सुरू व्हायच्या आत तिथे प्रवेश विभाग आणायचाय. पालक आले की पहिल्यांदा काचेची इमारत दिसली पाहिजे. वाचणाऱ्यांना तळघरात बाकं टाकू."

"त्यात बऱ्याच मुली आहेत, सर. तळघरात बसायला त्यांच्या घरचे पाठवणार नाहीत."

"त्या आपल्या विद्यार्थिनी तरी आहेत का आता?" ते म्हणाले. "हे बघा, माझं नाव यात नको. ग्रंथालयाची गरज म्हणून तुमच्याकडून प्रस्ताव येऊ द्या. लोक तुमचं ऐकतील."

"तुम्ही म्हणाला होतात, वाचन कक्ष वाचन कक्षच राहील."

"तेव्हा तसंच होतं," ते म्हणाले आणि घड्याळ बघत उठले.

ते गेल्यावर मी एसी पुन्हा लावला. ताई आल्या त्या दुपार उतरल्यावर. दार लावून घेतलं, बस म्हणायची वाट न बघता बसल्या.

"मॅडम, आमाला समदं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "आजचंच न्हाई. ही खोली मिळाल्यापासनं. त्याच्या आदीचं तेवडं सायबांचा चहावाला सांगून गेलता."

"हो का?"

"मला आगलावी म्हनला हुतात."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

"आमाला वाटायचं, तुमीच सायबांना नावं देताय. बहिनीला सांगताना तुमी म्हनायच्या की मी कुनाचं नाव दिलं न्हाई. पन वाटायचं, ह्या बहिनीशी तरी खरं कशावरून बोलत असतील?" त्या जाळीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज सायबांना नेमकं त्या जाळीखाली बसवलं. तुमाला ठावं हुतं ना?"

मी टेबलावरचे कागद एकावर एक ठेवले. हो म्हटलं तर उद्या त्या कोणाला सांगतील, हे मला ठाऊक नव्हतं. नाही म्हटलं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

"आज उकडत होतं का हो तुमच्या खोलीत?" मी विचारलं.

त्या जराशा हसल्या. पूर्ण नाही. "लई," म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर कोणी नव्हतं. सगळे समोरच्या इमारतीत, कुलगुरूंच्या दालनाबाहेर बसले होते, आणि त्यांच्याबरोबर वाचन कक्षातल्या मुली, आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन. घोषणा नाहीत, काही नाही. मुलींमधली एक पुस्तक उघडून वाचतही होती. मला त्यांनी यायला सांगितलं नव्हतं आणि मी गेले नाही. काचेतून बघत राहिले. उपग्रंथपाल माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मॅडम, हे कसं काय कळलं सगळ्यांना?" त्याने विचारलं. खरंच विचारतोय की मला चाचपतोय, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं.

दुपारी कुलगुरूंनी आम्हा दोघांना बोलावलं, कुलसचिवांना आणि मला. कुलगुरू बाहेरगावचे, शांत गृहस्थ. प्रवेश विभाग वाचन कक्षात नेण्याचं ठरलंय हे त्यांनाच माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. मला ते पुरतं पटलं नाही, पण त्या घटकेला ते सोयीचं होतं.

"ही चर्चा कोणात झाली होती?" त्यांनी विचारलं.

"आमच्या दोघांत," कुलसचिव म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी कोणाशी एक शब्दही बोलले नाही, सर," मी म्हटलं. ते खरं होतं. कुलसचिव माझ्याकडे बघत राहिले. माणूस हुशार, आठवून आठवून शोधत असणार, पण त्यांना धागा सापडला नाही.

वाचन कक्ष राहिला. प्रवेश विभागाला समोरच्या इमारतीचा व्हरांडा मिळाला. ताई काउंटरवर राहिल्या, त्यांच्या शेजारी यंत्रही आलं आणि ठेकेदाराची दोन माणसं दारावर आली. बाइंडिंग मात्र बंद झालं. त्यासाठी कोणी बसलं नव्हतं. मामा परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधतात. मी एकदा मुद्दाम भेटायला गेले. त्यांनी चहा पाजला, घरचं विचारलं, सगळं व्यवस्थित बोलले. निघताना मी म्हटलं, "मामा, तुमच्यासाठी मी काही करू शकले नाही."

"कामच लागत न्हाई म्हनल्यावर काय करनार तुमी?" ते म्हणाले. शब्द माझेच होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला तिथे उभं राहवेना.

अक्काकडे मी सुट्टीच्या दिवशी गेले. नळीची गोष्ट सांगितली, सगळी, ताईंच्या प्रश्नासकट. ती भाजी निवडत होती. हसेल असं वाटलं होतं.

"म्हणजे मी फितूर नव्हते, हे तुला छताने सांगितलं," ती म्हणाली. "मी सांगितलं तेव्हा नाही पटलं." मग तिने अर्धी मेथी माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही दोघी निवडत बसलो. त्या जागेसाठी मी अर्ज केला नाही. तिनेही पुन्हा विषय काढला नाही.

उन्हाळा लागायच्या आत उपग्रंथपालाला कोपरगावची ऑर्डर आली. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "अचानकच झालं, मॅडम." मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं आणि अभिनंदन केलं. त्याच्या जागी आता एक नवी बाई आली आहे. पुण्याकडून आली, शिकलेली, हसतमुख, वेळेच्या आधी हजर असते. तिची नेमणूक कुलसचिवांनी स्वतः मुलाखत घेऊन केली. परवा ताईंनी मला विचारलं, "कशी हाय हो ही?" मी म्हटलं, "अजून तरी काही वावगं दिसलेलं नाही." ताईंनी मान हलवली. मग आम्ही दोघीही तिच्या टेबलाकडे बघत राहिलो, आणि ती फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती.